ठोकळ्याची पिल्लं

नेचा लावण्याआधी तो नेचा आहे हे माहीत असावं लागतं. आमच्या घरात ते बराच काळ कोणालाच माहीत नव्हतं.

काकांच्या चष्म्याच्या दुकानाचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून त्याला एक ठोकळा लावलेला असे. काळपट, केसाळ, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. गिऱ्हाईकं विचारायची, "हे काय, अस्वलाचा पाय?"

"हो, मालकांचा," मावशी म्हणायची. "दुसरा आत आहे, मशीनवर बसलाय."

ठोकळा आणला आजोबांनी, म्हणजे मावशीच्या वडिलांनी. ते बोटीवर इंजिनांना तेल घालायचे. एकदा इंजिन बिघडलं आणि बोट एका बेटाला लागली. नकाशात ते बेट माशीने करून ठेवलेल्या ठिपक्यासारखं दिसतं. बाकीचे खलाशी बंदरात पाय पसरून बसले, आजोबा डोंगर चढले. वर धुक्यात रान होतं. माणसाच्या दुप्पट उंच छत्र्या, उघडलेल्या, एकीखाली एक. दांड्याला केस, वर पानांचा घेर. त्यातून आकाश हिरवं दिसत होतं, असं ते सांगायचे, आणि सांगताना दरवेळी वर बघायचे. आमच्याकडे वर पंखा होता. तरी बघायचे.

वाटेवर चिखल. बेटावरच्या लोकांनी पडलेल्या झाडांचे तुकडे करून पायऱ्या घातलेल्या. उतरताना त्यातली एक सैल होती. आजोबांनी ती उपटली, काखेत मारली आणि बोटीवर चढले.

"पण का?" मावशीने विचारलं होतं.

"नुसतं सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

पुरावा म्हणून आणलेली ती पायरी दाराला लागली.

फरशी पुसायचं काम मावशीचं. मोरी लांब, ठोकळा जवळ. ती रोज फडकं ठोकळ्यावर पिळायची. असे कित्येक दिवस गेले आणि एका सकाळी ती किंचाळली, "उंदीर!" काका झाडू घेऊन धावले. ठोकळ्याच्या वरच्या टोकाला तपकिरी लवेची एक मूठ आली होती. काकांनी झाडू उगारला, मग खाली केला. गुडघ्यांवर बसले, खिशातलं भिंग काढलं आणि त्यातून बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "ही उघडतेय. नेचा आहे हा."

त्या दिवशी दुकान उघडायला उशीर झाला. ठोकळा मागच्या अंगणात गेला आणि दार पुन्हा आपटायला लागलं. मावशी मात्र अजूनही त्या दारातून जाताना पाय उचलून जाते. समोर काही नसतं.


सावली द्यावी. वारा लागू देऊ नये. कोरडं पडू देऊ नये.

"म्हणजे सगळे लाड," काका म्हणाले. "माहेरचा ना!"

"माहेरचाच. सासरचं काही एवढं हिरवं आहे का?"

कपडे धुवायच्या जुन्या टबाला भोकं पाडली. त्यात कुजलेला पालापाचोळा, झाडाच्या सालींचे तुकडे, थोडी जाड वाळू. ठोकळा त्यात उभा केला, थोडासाच रोवून. पाणी मुळाशी घालायचं नाही, अंगावर घालायचं, हे मावशीला कोणी शिकवलं नव्हतं. आधी फडकं पिळत होतीच, ती आता झारी धरू लागली एवढंच. ह्या झाडाची मुळं खोडावरूनच सुटतात. केस म्हणून जे दिसतं ती मुळंच.

अंगणाला तिन्ही बाजूंनी उंच भिंती. चौथ्या बाजूला काकांच्या काच घासायच्या खोलीची खिडकी. मी शाळा संपवून, शिकून, त्याच दुकानात डोळे तपासायला बसले तोवर ठोकळ्याची पानं त्या खिडकीवर आली होती. एकेक पान दारापेक्षा लांब. घासायच्या खोलीत सगळा उजेड हिरवा. काका प्रत्येक भिंग तयार झालं की पुढच्या दारात नेऊन बघत, कारण आत बसून पांढरी काच आणि रंगीत काच यातला फरकच कळत नसे. दिवसातून किती चकरा! मी म्हटलं, "काका, दोन पानं कापूया का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

नवी पानं यायची ती वसंतात, सगळी एकदम, मधोमध, मुठी आवळून. मग एकेक मूठ सुटायची. आतून लहान मुठी निघायच्या, त्यांच्यातून आणखी लहान. चहाचा कप घेऊन त्यापुढे उभं राहिलं की चहा गार व्हायचा. हलताना दिसत नाही, पण मान वळवून परत बघितलं की झालेलं असतं. मी रोज दहा माणसांच्या डोळ्यांत बघते. अशी वस्तू मी दुसरी पाहिली नाही.


मग फोन आला.

कोणा गिऱ्हाइकाने खिडकीतल्या पानांचा फोटो काढला, तो फिरत फिरत बेटावरच्या एका बागेत पोचला. फोनवर त्या बागेच्या बाई होत्या. आम्ही त्यांना पुढे 'बेटाच्या बाई' म्हणायला लागलो. आवाजामागे सारखा वारा.

"तुमच्या खिडकीत जे आहे," त्या म्हणाल्या, "ते तुम्हाला कुठे मिळालं?"

मावशीने मला खूण केली, फोन मोठ्याने लाव. आणि वडिलांनी पायरी उचलली ते सगळं सांगून टाकलं, एखाद्या पोलिसाला सांगावं तसं. शेवटी म्हणाली, "ती परत द्यायची आहे. कशी पाठवू?"

मग बाई बोलल्या. डोंगरावरचं धुकं वर सरकलंय. पूर्वी वाटेच्या मध्यावर असायचं, आता शेंड्यावर. रान त्याच्या मागे मागे गेलं, आता वर जायला डोंगर उरला नाही. हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी झाडं आहेत, म्हातारी, त्यांच्या पानांवर आता काही धरत नाही, नवी रोपं होत नाहीत. आम्ही बागेत शेड बांधलीय, धुकं सोडायची सोय केलीय. शेड रिकामी आहे.

"मग घेऊन जा ना ठोकळा!"

"मोठं झाड बेटावर आणू देत नाहीत. मातीतून रोग येतो. पिल्लं चालतील. बंद काचेत वाढवलेली, स्वच्छ."

"फांदी लावून?"

"त्याला फांदी नसते. एकच शेंडा, तुमच्या पायरीत नशिबाने आलेला. तो कापला की संपलं."

"मग पिल्लं कशी करायची?"

बाई हसल्या. "झाडालाच करू द्या. पानं उलटी करून बघा."

आम्ही बघितली. पानाच्या पाठीवर, अगदी कडेला, शिवणीच्या टाक्यांसारखे तपकिरी ठिपके. इतकी वर्षं ते तिथे होते आणि आम्ही, तिघंही डोळ्यांवर पोट भरणारी माणसं, पान उलटं करून बघितलं नव्हतं.


पांढऱ्या कागदावर पान उलटं ठेवलं. दुसऱ्या दिवशी उचललं तर कागदावर पानाचं चित्र, तपकिरी धुळीने काढलेलं, शिरा न् शिरा. बीजाणू. बोटावर घेतलं तर वजन नाही.

"कोणी शिंकायचं नाही," मावशी म्हणाली. "आख्खं जंगल उडून जाईल."

काका ताबडतोब शिंकले. नशीब, दारापाशी जाऊन.

माती कुकरमध्ये वाफवली. पाणी उकळून गार केलं. काचेच्या छोट्या वाट्या घेतल्या, माती भरली आणि कागदावर टिचकी मारून ती धूळ वर पाडली. वाट्यांना झाकण हवं होतं. काका आत गेले आणि खोकाभर काचा घेऊन आले. चष्म्याचं भिंग आधी असंच असतं, गोल, लहान वाटीच्या तोंडाएवढं. फ्रेमच्या मापाने कापतात ते नंतर. नंबर चुकलेल्या, ओरखडा आलेल्या अशा कितीतरी त्यांनी साठवल्या होत्या. एकेक वाटीवर एकेक भिंग चपखल बसलं.

"शिवाय आतलं मोठं दिसेल," काका म्हणाले. इतके खूश मी त्यांना क्वचित पाहिलं असेल.

शेवटच्या वाटीला चांगली काच उरली नाही. तिच्यावर काकांनी एक अर्धवट काच ठेवली. घासून झालेली, पण पॉलिश न केलेली. अशी काच दुधासारखी पांढरी असते, उजेड आत जातो पण नजर जात नाही. आमच्याकडे तिला आंधळी काच म्हणतात.

वाट्या घासायच्या खोलीच्या खिडकीत मांडल्या, ठोकळ्याच्या पानांखाली.

आणि दुकानाचा दिवस जसा सुरू होतो तसा त्यांचाही सुरू झाला. काका सकाळी आले की खांद्यावर मऊ फडकं टाकतात आणि सगळ्या काचा पुसतात. शोकेसची, आरशाची, फ्रेममधल्या भिंगांची, माझ्या यंत्राची. मी चष्मा लावून समोर गेले तर माझ्या नाकावरचा काढून पुसतात आणि परत लावतात, बोलणं न थांबवता. वाट्यांवरची भिंगं सकाळी आतून धुरकटलेली असत. काका एकेक उचलत, आतून पुसत, उजेडात धरून बघत, परत ठेवत.

"बघ," मावशी मला कौतुकाने म्हणायची. "माझ्या बाळांचे चष्मे पुसतायत."

आंधळी काच तेवढी ते पुसत नसत. ती पुसून काय दिसणार होतं?


आधी हिरवी छटा. मग ठिपके. मग प्रत्येक ठिपक्याची एक टिकली झाली. पत्त्यांतल्या बदामासारखी, नखावर दोन-तीन मावतील एवढी. देठ नाही, पान नाही, मातीला चिकटलेला हिरवा बदाम फक्त. भिंगातून पाहिलं की त्यांची कड चमकायची.

"हे नेचे नाहीत," बेटाच्या बाईंनी फोनवर सांगितलं. "नेच्याला दोन जन्म असतात. हा पहिला. नेचा दुसऱ्या जन्मात येतो, ह्याच्यातून. कोरडं पडू देऊ नका आणि थांबा."

मावशीने कोरडं पडू दिलं नाही. वाट्यांच्या तळाशी काकांनी मशीनवर भोकं पाडली होती, मावशी खालच्या ताटात पाणी घालायची, माती कायम ओली. आम्ही थांबलो.


(इथे एक वर्ष आहे. त्यात काहीही झालं नाही. टिकल्या हिरव्या राहिल्या. काका रोज सकाळी काचा पुसत होते.)


"अहो, काही दिसतंय?"

"टिकल्या."

"त्या मलाही दिसतायत. बाकी?"

"बाकी टिकल्याच."

"नीट बघा."

"अगं, इतकं नीट मी तुझ्याकडे बघायला आलो तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं."

"ते माहितीये. म्हणून तर होकार दिलात."

आधी त्यावर दोघं हसायचे. दुसऱ्या वसंतात नुसतंच बोलायचे, हसू येत नसे. कारण तोवर ठोकळा खालून मऊ पडायला लागला होता. मावशीने टबाशी बसून खोडाला बोट लावलं आणि बोट आत गेलं, चहात बुडवलेल्या पावात जावं तसं. ती बोट तसंच ठेवून बसली. मी हात धरून उठवलं.

त्या वसंतात मधोमध एकच मूठ आली. अर्धी सुटली आणि काळी पडली. जुन्या पानांच्या पाठी मी एकेक करून उलटल्या. टाके नव्हते. नवी धूळ आता मिळणार नव्हती. जे काही होतं ते वाट्यांत होतं, आणि वाट्यांत बदाम होते.

बेटाच्या बाईंना आम्ही सगळं सांगत होतो. माती कसली, पाणी कसलं, उजेड किती, उकाडा किती. त्या म्हणायच्या, सगळं बरोबर आहे. त्यांनाही कळेना. धुकं पुसू नका, असं कोणी कशाला सांगेल? त्यांच्या बेटावर धुकं पुसणारा माणूस नव्हता.

"माझ्या हातालाच गुण नाही," मावशी म्हणायला लागली. "ज्याने चोरून आणलं त्याच्या मुलीच्या हातून परत जायचं नाही ते."

"काहीतरी बोलू नकोस," काका म्हणायचे आणि काचा आणखी लख्ख पुसायचे. त्यांच्याकडून एवढंच करता येण्यासारखं होतं.


त्या दुपारी माझ्या यंत्रापुढे एक टॅक्सीवाला बसला होता. डोळ्यात बघायचं यंत्र असतं ना, हनुवटी टेकवायला जागा असलेलं, कपाळाला पट्टी, समोरून प्रकाशाची चीर, ते. पलीकडून मी दुर्बिणीतून बघते. त्याची हनुवटी टेकलेली, म्हणून तो तोंड न उघडता बोलत होता.

आत मावशी सगळ्या वाट्या ताटात घालून मोरीशी बसली होती. सकाळीच म्हणाली होती, "आता पुरे. धुऊन ठेवते." काकांनी विरोध केला नाही. ते मशीनवर होते, मशीनचा आवाज चालू होता. मला मोरीतून भिंगं काढून ठेवल्याचा आवाज येत होता. टक. टक. टक.

मग आला नाही.

"अहो," मावशी म्हणाली. ओरडली नाही. शेजारी झोपलेल्या माणसाला उठवावं तशी म्हणाली. तरी मशीन थांबलं.

मी उठून गेले. टॅक्सीवाला तसाच, हनुवटी टेकवून.

मावशीच्या एका हातात आंधळी काच होती. समोर शेवटची वाटी. तिच्यातल्या टिकल्या चपट्या नव्हत्या. प्रत्येकीच्या खाचेतून काहीतरी वर उठलं होतं, कापलेल्या नखाएवढं पान, त्याला दात. आणि एकीतून, मधोमध, एक मूठ. मोहरीएवढी. तिच्यावर तपकिरी लव होती.

मी ती मूठ ओळखत होते. मी लहान असताना ती दारात पाहिली होती.

अंगणात पाण्याचा थेंब कुठेतरी पडत होता, तो दरवेळी ऐकू आला. काकांनी मावशीच्या हातातली काच घेतली आणि उलटी केली. आतल्या बाजूला थेंब लटकत होते, गच्च, एकमेकांना खेटून. एक घरंगळला आणि त्यांच्या मनगटावर पडला. काकांनी थेंबाकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या फडक्याकडे.

"बोला ना काहीतरी," मावशी म्हणाली.

"ही मी कधी पुसली नाही."

"मग?"

"ही एकच."

बेटाच्या बाईंनी लगेच फोन उचलला. मी सांगितलं. त्या आनंदाने ओरडल्या आणि मग म्हणाल्या, "थांबा, पुसली म्हणजे? काय पुसलं?"

"काच. आतून. रोज."

"कशासाठी?"

"दिसावं म्हणून," काका म्हणाले.

बाई हळूहळू, शब्द शोधत बोलल्या. त्या टिकल्यांच्या पोटाखाली नर असतात आणि मादी असते. जवळच, केसभर अंतरावर. पण ते अंतर नराला पोहून जावं लागतं. "ओल नाही चालत. पाणी लागतं. टिकलीला भिजवणारा थेंब. डोंगरावर तो धुक्यातून पडतो, तुमच्याकडे काचेवरून पडला असता. आमचं आख्खं रान, ती उंच झाडं, सगळी एकेका थेंबातून पोहून आलेली आहेत."


हे पुन्हा सांगते, कारण सांगताना मी घाई केली.

एक कण धुळीएवढा. तो उडतो, पडतो, बदाम होतो. त्या बदामाच्या खालून काहीतरी सुटतं आणि पोहतं. डोंगरावर, समुद्रापासून इतक्या उंचीवर, एका थेंबात. पोचलं तर झाड होतं. झाड पडतं, त्याची पायरी होते. पायरी कोणीतरी काखेत मारतं, ती दाराला लागते, तिच्यावर फरशीचं फडकं पिळलं जातं, आणि ती मूठ उघडते.


चिमट्याने एक टिकली उचलून मी काचपट्टीवर ठेवली. डोळ्यात औषध घालायची ड्रॉपरची बाटली असते, तशी नवी घेऊन तिच्यात उकळलेलं पाणी भरलं.

"दादा," मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, "तुमचे डोळे पाच मिनिटं थांबतील का?"

"डोळे थांबतील, मान अवघडलीय," तो म्हणाला आणि बाजूला सरकला. गेला मात्र नाही.

जिथे त्याची हनुवटी होती तिथे काचपट्टी धरली. टिकली उलटी, वर एक थेंब. प्रकाशाची चीर बारीक केली. पलीकडून बघितलं.

सुरुवातीला काही नाही. हिरवी जाळी, तिच्यावर पाण्याचा फुगवटा. मग टिकलीच्या कडेपासून एक ठिपका सुटला. धूळ असेल म्हणून मी श्वास रोखला. धूळ तरंगते. हा वळला. त्याच्या मागून दुसरा, मग पाच-सहा, मग मोजता येईनात. गरगर फिरत, एकमेकांना चुकवत, पाण्याच्या त्या फुगवट्यात इकडून तिकडे. दिसायला सुईच्या टोकाहून लहान, पण त्यांना जायचं होतं हे दिसत होतं.

मी मावशीला बसवलं. तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"मला पण," टॅक्सीवाला म्हणाला. बघून म्हणाला, "एवढ्या घाईत कुठे निघालेत हे?"

"पलीकडे," मी म्हटलं. "हे एवढंच अंतर."

"ह्यांच्या मानाने बरंच लांबचं भाडं आहे."

काका शेवटी बसले. ते बराच वेळ उठले नाहीत. त्यांची पाठ मला दिसत होती, खांद्यावर ते फडकं. आयुष्यभर त्यांनी लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून काचा घासल्या. यंत्रावरून मान न उचलता ते म्हणाले,

"मी रोज सकाळी समुद्र पुसत होतो."

मावशीने त्यांच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं. मला वाटलं, आता ती बोलणार, दोन वर्षांचं सगळं बोलणार. तिने फडक्याची घडी घातली.

"आणि मी शेजारी उभी राहून कौतुक करत होते," ती म्हणाली. "उठा आता. वाट्या अजून धुतल्या नाहीत मी."


थेंब वरून द्यावा. एका टिकलीला एक.

काकांनी दिले. डोळ्यात औषध घालताना हात जसा स्थिर ठेवतात तसा ठेवून, वाटीमागून वाटी. मग भिंगं झाकली आणि हात मागे बांधून उभे राहिले. दुसऱ्या सकाळी काचांवर धुकं होतं. काका शोकेस पुसत पुसत खिडकीपर्यंत आले, थांबले, आणि फडकं खिशात कोंबलं. ते पाहताना मला यंत्रातल्या ठिपक्यांइतकंच नवल वाटलं. त्यानंतर रोज ते असंच करत. गिऱ्हाइकाने विचारलं, "ह्या काचा का धुरकट?" तर म्हणत, "आत पोहणं चालू आहे."

आता आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नव्हतं. मावशीला ते सोसवत नसे. ती काचेला नाक लावून बघायची आणि तिच्या श्वासाने बाहेरूनही धुकं धरायचं.

ठोकळा ह्या सगळ्यासाठी थांबला नाही. शेंडा खचला, पानं एकेक करून टबाच्या कडेवर आडवी झाली. घासायच्या खोलीतला उजेड पांढरा झाला. काका तयार भिंग घेऊन उठले, दारापर्यंत गेले, मग त्यांच्या लक्षात आलं की आता जायची गरज नाही. तरी बाहेर जाऊन बघून आले.

त्यानंतर एका धुरकट काचेवर आतून काहीतरी टेकलं. हिरवी, दातेरी करंगळी. मग शेजारच्या. मग बऱ्याच.

बंद बरण्यांत ती पिल्लं लावली, काकांनी चष्म्यांच्या डब्यांतला मखमली कपडा काढून भोवती गुंडाळला, आणि ती आधी विमानाने आणि मग बोटीने गेली. काही इथे ठेवली. एक टॅक्सीवाला घेऊन गेला, न्हाणीघरात ठेवतो म्हणाला, तिथे वाफ असते. त्याचा चष्मा अजून दुकानातच पडून आहे.


बेटाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मावशी फरशी पुसत होती.

"पोचली," बाई म्हणाल्या. "सगळी. शेडमध्ये आहेत. एक मात्र मला वर डोंगरावर लावायचीय, अजून धुकं पोचतं अशा जागी. म्हणून विचारते. तुमच्या वडिलांनी पायरी कुठली काढली, काही सांगितलं होतं?"

मावशीने डोळे मिटले. "पाण्याच्या टाकीमागून लाल मातीची वाट जाते म्हणाले होते. पुढे एक मोठा दगड आहे, त्याच्यावर दुसरा दगड. त्याच्या खाली."

पलीकडे वारा होता. इतका वेळ नुसता वारा की मावशीने फोन कानापासून काढून बघितला, लागलाय की नाही.

"तिथे आम्ही सगळे लांब ढांग टाकतो," बाई म्हणाल्या. "मी लहान असल्यापासून. आई म्हणायची, इथे ढांग टाक. तिला तिची आई म्हणाली असेल. दोन पायऱ्यांमध्ये तिथे जास्त अंतर आहे. का, ते कधी कोणी विचारलं नाही."

मावशी भिंतीला टेकून खाली बसली, ओल्या फरशीवरच. काका आतून आले. तिने हातानेच त्यांना थांबा म्हटलं.

"आमच्याकडे दारात उचलतो पाय," ती म्हणाली.

"मग तिथेच लावू? मधल्या जागेत?"

"नको. माणसं तुडवतील. बाजूला लावा." मावशीने ओल्या हाताने डोळे पुसले, त्यामुळे ते आणखी ओले झाले. "पायरी व्हायला त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं लागतील. तोवर टाका ढांग."